कमरेचा दुसरा दोर

हबीबगंज हे नाव आता रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाही. भोपाळचे हे स्थानक नव्याने बांधून १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याला गोंड राणी कमलापतीचे नाव देण्यात आले. स्थानकाची पाटी बदलली, तरी वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी हबीबगंजच राहिले आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे घर याच वस्तीत आहे. बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता भोपाळला उतरता येते, म्हणून वर्षाआड माझी तिकडे एक फेरी होते.

या भागात मराठी कानावर पडते याचे नवल वाटायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण जाऊन भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. नागपूरच्या कचेऱ्यांतले कितीतरी मराठी कर्मचारी बदली होऊन भोपाळला आले. माझ्या बहिणीचे सासरे त्यांपैकीच. पुढे सरकारी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या अंगणांत, रस्त्यांच्या कडेला कडुनिंब, जांभूळ, गुलमोहर, पिंपळ वाढले. ती झाडे आता वयस्क झाली आहेत, आणि वयस्क माणसांसारखीच त्यांची देखभालही वाढली आहे.

भोपाळकरांचा या झाडांवर किती जीव आहे ते जून २०२४ मध्ये दिसले. शिवाजीनगर आणि तुळशीनगर या भागांत मंत्री-आमदारांची नवी निवासस्थाने बांधण्यासाठी सुमारे २९ हजार झाडे जातील, अशी बातमी आली. लोक रस्त्यावर उतरले. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, पूजा केली. त्याच महिन्यात सरकारने तो प्रस्ताव बाजूला ठेवला. झाडे राहिली.

पण राहिलेल्या झाडाचीही कामे असतातच. वाळलेली फांदी छपरावर पडण्याआधी उतरवावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर एका बाजूला झुकलेला भार हलका करावा लागतो. त्यासाठी कुणीतरी माणूस वर चढतो. झाडाला मिठी मारणारे आपण पुष्कळ असतो. त्या माणसाच्या कमरेला काय बांधले आहे हे पाहणारे फारसे कुणी नसते. हा लेख त्या कमरेबद्दल आहे.

माझा भाचा हे काम करतो. आधी त्याला डोंगरांचे वेड. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत त्याने मूलभूत अभ्यासक्रम केला, तिथे दोर आणि गाठी हातात बसल्या. मुलगा बँकेत चिकटेल असे बहिणीला वाटत होते. तो वसाहतींमधल्या झाडांची छाटणी करू लागला. गेल्या फेरीत मी आठ दिवस होते. एका सकाळी तो व्हरांड्यात नवा दोर जोडायला बसला, तेव्हा मी शेंगा सोलत शेजारी बसले आणि एकेक गोष्ट विचारून घेतली.

दोरात तार कशाला?

झाडावर नीट काम करणाऱ्याचे दोर दोन. पहिला मुख्य दोर. तो वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून टाकलेला असतो, आणि माणसाचा जीव त्याच्यावर असतो. दुसरा आखूड, साधारण तीन मीटरचा. तो खोडाला वळसा घालून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवतात. याला लॅनयार्ड म्हणतात. भाच्याचे मदतनीस त्याला नुसते ‘कमर की रस्सी’ म्हणतात. आपण कमरेचा दोर म्हणू.

दिसायला तो जाडसर विणलेला दोर. बोटाएवढा, बारा ते सोळा मिलिमीटर जाडीचा. पण हातात घेतला की वजन लागते, आणि वाकवला तर तो हट्टी मुलासारखा ताठ राहतो. कारण त्याच्या पोटात पोलादी तार आहे. स्कूटरच्या क्लचची केबल असते ना, बारीक बारीक तारा पिळून केलेली, तशीच पण जाड. वरून नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे विणलेले आवरण.

तारेचे काम काय? भाच्याने तीन उपयोग सांगितले. पहिला, ताठपणा. साधा दोर जाड खोडामागून फेकला तर पलीकडे लोंबकळतो, हाताला येत नाही. तारेचा दोर वळसा घेऊन दुसऱ्या हातात येतो, आणि चढताना मनगटाच्या एका झटक्याने खोडावर वर सरकतो. दुसरा, हा दोर रबरासारखा ताणला जात नाही. त्यामुळे मागे रेलून काम करताना शरीर जागच्या जागी राहते. तिसरा, करवतीपासून आडोसा. हातकरवत चुकून दोरावर घासली तर साधा दोर दोन हिसक्यांत जाईल. तारेवर दाते अडतात आणि माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो.

“म्हणजे हा कापला जात नाही?” मी विचारले.

“मावशी, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून दोर घेऊ नकोस. चेनसॉ याला कापू शकते. तारेमुळे वेळ मिळतो, अभय मिळत नाही.”

आणि या तारेचा एक मोठा तोटा. पोलादातून वीज वाहते. आपल्या गल्लीबोळांत झाड आणि विजेच्या तारा एकमेकांत गुंतलेल्या असतात. तारेचा कमरेचा दोर अशा ठिकाणी अजिबात न्यायचा नाही. तिथे आधी लाइन बंद करून घ्यायची आणि ते काम वीज कंपनीच्या माणसांवरच सोपवायचे. साधा दोरही ओला झाला की भरवशाचा नसतो, मग पोटात पोलाद असलेल्याची काय कथा.

जोडणी

नुसता दोर विकत आणून भागत नाही. त्याची लांबी वर बसल्या बसल्या कमी-जास्त करता आली पाहिजे, कारण खोड खाली जाड आणि वर बारीक. सगळी कला या कमी-जास्त करण्यात आहे.

सुरुवात पट्ट्यापासून. विजारीला लावतो तसला पट्टा किंवा पोटाभोवती गुंडाळलेला सुंभ चालत नाही. माणूस लटकला की तो वर सरकून बरगड्यांत रुततो आणि श्वास अडवतो. मांड्यांनाही पट्टे असलेला हार्नेस हवा, आणि त्याच्या दोन्ही कुशींना एकेक धातूची कडी हवी. खरेदी करताना शिवलेल्या पट्टीवर मानकाचा क्रमांक पाहावा. सुरक्षा पट्ट्यांसाठी भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. परदेशी बनावटीच्या कमरेच्या दोरांवर आणि पट्ट्यांवर ईएन ३५८ असे लिहिलेले असते.

दोराच्या एका टोकाला कारखान्यातच पक्के केलेले डोळ्यासारखे वेटोळे असते आणि त्यात आकडा. हा आकडा एका कुशीच्या कडीत अडकवायचा. तो दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडू नये, अशी त्याची रचना असते. भाचा हा आकडा उजवीकडे लावतो आणि लांबी बदलण्याची जोडणी डावीकडे ठेवतो, कारण त्याच्या उजव्या हातात करवत असते. डावखुऱ्याने उलट करावे.

डाव्या बाजूला येते छोटी दोरी. आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, मोठ्या दोरापेक्षा बारीक, दोन्ही टोके शिवून केलेली मजबूत दोरी. तिची गाठ मोठ्या दोरावर मारायची. ही प्रुसिक गाठ. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ती लोकांपुढे आणली. मारायला सोपी आहे: दोरीचे वेटोळे मोठ्या दोरावर ठेवायचे आणि त्याच्याच पोटातून तीन वेळा फिरवून घ्यायचे. वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत. बांगड्यांसारखे शेजारी शेजारी, सरळ बसले पाहिजेत. भाचा दर वेळी वेढे बोटाने नीट लावून घेतो, सुईत दोरा ओवताना आपण टोक ओढतो तशा सवयीने.

गाठीची गंमत अशी, की मोकळी असताना ती दोरावरून हाताने सरकते आणि भार आला की घट्ट आवळते. जितका भार जास्त, तितकी पकड जास्त. या छोट्या दोरीचे टोक एका कुलूपबंद कॅराबिनरमध्ये घालायचे आणि कॅराबिनर डाव्या कुशीच्या कडीत. गाठ आणि कॅराबिनर यांच्यामध्ये एक छोटी कप्पी बसवली की मोठ्या दोराचे मोकळे टोक ओढताच कप्पी गाठीला मागून ढकलते आणि दोर एका हाताने आवळला जातो. रहाटाचा दोर ओढताना जशी चाकाची मदत होते तशीच ही.

मोकळ्या टोकाला शेवटी अडसर हवाच. तो नसेल तर दोर सैल करता करता गाठ टोकावरून निसटते, आणि त्या क्षणी माणसाच्या पाठीमागे फक्त हवा असते.

गाठीऐवजी दाते असलेले धातूचे यंत्रही मिळते. अंगठ्याने खटका दाबला की दोर सुटतो. काम जलद होते. मात्र ते त्याच जाडीच्या आणि तारेच्याच दोरासाठी बनवलेले असले पाहिजे. एका मापाच्या बरणीला दुसऱ्याच मापाचे झाकण लावले तर ते बसल्यासारखे दिसते, पण उचलले की सुटते.

जमिनीवरची परीक्षा

जोडणी झाली की भाचा लगेच झाडावर गेला नाही. अंगणातल्या कडुनिंबाला दोर घातला, पाय जमिनीवरच ठेवले आणि मागे रेलला. सगळा भार दोरावर. मग पुढे झुकून दोर सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा रेलला. असे दहा-बारा वेळा. नवा दोर गुळगुळीत असतो, त्यावर गाठ कधी कधी घसरते. घसरली तर एक वेढा वाढवायचा. वेढे किती हवेत ते त्या दोन दोरांची जोडी ठरवते, आणि ते जमिनीवरच ठरवायचे.

आकडा लागल्याची खात्रीही त्याने तीन प्रकारे केली. ‘टक्’ असा आवाज ऐकला, मान वळवून डोळ्यांनी पाहिले, आणि हाताने ओढले. आवाजावर विसंबायचे नाही, कारण शेजारच्या दुसऱ्या कडीवर आपटूनही तसाच आवाज येतो.

मग दोराची तपासणी. दोर हळूहळू वाकवत सबंध लांबीवर बोटे फिरवायची. कुठे फुगवटा लागतो का, कुठे पोकळ मऊ जागा आहे का, आवरणातून तारेचे टोक टोचते का, गंजाचा तांबूस डाग दिसतो का. तारेला एकदा मोड पडली की ती सरळ करून वापरायची नाही. ती संपली. छोट्या दोरीवर चकाकी आली असेल तर ती घासून तापली आहे असे समजायचे आणि बदलायची. तार आत झाकलेली असते, म्हणून ही तपासणी बोटांनीच होते. नुसत्या डोळ्यांना वरचे रंगीत आवरण तेवढे दिसते.

वर गेल्यावर

हा दोर काय करत नाही तेही समजून घेतले पाहिजे. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी तो नाही. तो ताणला जात नाही, त्यामुळे ढील ठेवून माणूस त्यावर कोसळला तर सगळा हिसका कमरेला आणि मणक्याला बसतो. म्हणून तो नेहमी ताठ हवा, कमरेच्या पातळीला किंवा किंचित वर. दुसरे म्हणजे, फांदी नसलेल्या सरळ खोडावर एकटा वळसा पुरत नाही. पाय सुटले तर वळसा खोडावरून घसरत खाली येतो. अशा खोडाला दोराचा फास पडेल अशी वेगळी बांधणी करावी लागते.

वाटेत फांदी आली की ती ओलांडायला दोर सोडावा लागतो. त्या वेळी मुख्य दोर लागलेला असला पाहिजे. एक सुटला तर दुसरा हवा. दोन्ही एकदम कधीच सुटायचे नाहीत. आणि करवत हातात घेतली की दोन्ही लागलेले हवेत. अमेरिकेत झाडकामासाठी एएनएसआय झेड १३३ नावाचे सुरक्षा मानक आहे. झाडावर चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यावे असे त्यात सांगितले आहे. कारण सरळ आहे. करवतीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही.

आणखी एक सूचना भाच्याने दोनदा सांगितली. जो भाग कापायचा त्याच्याभोवती कमरेचा दोर कधीच घालायचा नाही. कापताना खोड उभे फाटले तर त्याचा घेर एकदम वाढतो, आणि दोर माणसाला खोडावर चिरडतो.

“बँधा हुआ आदमी”

भाच्याबरोबर एक पन्नाशीचे गृहस्थ काम करतात. वीस-बावीस वर्षे अनवाणी झाडांवर चढणारे. सुरुवातीला त्यांनी हा दोर हातात धरायलाही नकार दिला होता. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते: “बँधा हुआ आदमी भाग नहीं सकता.”

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. फांदी अंगावर येत असेल, आग्या मोहोळ उठले असेल, तर बांधलेला माणूस करणार काय? पण हिशेब करून पाहा. तीस फुटांवरून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, आणि येतो तेव्हा त्याचा वेग तासाला सुमारे ४८ किलोमीटर असतो. तिथून उडी मारून पळायला जागाच नसते. पळायचे ते आधीच ठरवायचे असते: फांदी कुठल्या बाजूला जाईल, आपण कुठल्या बाजूला सरकू, मोहोळ आहे का. मोहोळ असेल तर त्या दिवशी चढायचेच नाही.

तरी त्या गृहस्थांचे मन वळले ते या हिशेबाने नव्हे. भाच्याने त्यांना जमिनीपासून हातभर उंचीवर, खोडाच्या बुंध्यावर पाय रोवून, दोरावर रेलायला लावले. एक हात झाडाला आणि एक हात कामाला, हा जुन्या चढणाऱ्यांचा नियम. ते रेलले आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे राहिले. ते क्षणभर स्वतःच्या हातांकडेच पाहत राहिले, असे भाचा सांगतो. मग त्यांनी करवत मागून घेतली.

मला यात मोठा धडा दिसतो. जन्मभर पडला नाही त्याला ‘पडशील’ असे सांगून दोर बांधता येत नाही. त्याच्या कसबाचा तो अपमान होतो. ‘दोन्ही हातांनी काम कर’ असे म्हटले की तोच दोर त्याला अवजार वाटू लागतो.

आपल्या इकडचे हात

आपल्या इकडे झाडावर चढणे हे पिढीजात कसब. गोव्यात माडावरून नारळ उतरवणारा पाडेली, माडाचा रस काढणारा रेंदेर. सिरसीकडे सुपारीच्या बागांत कोनेगौडा. कन्नडमध्ये ‘कोने’ म्हणजे घड. एका सुपारीवरून शेंडा झुकवून दुसऱ्या सुपारीवर जाणारा तो माणूस ज्याने पाहिला, त्याला सर्कस बघावीशी वाटणार नाही. पायात दोरीचे वेटोळे, कमरेला कोयता आणि अंगात पिढ्यांचा तोल.

पण आता हे हात कमी होत चालले आहेत. मुले या कामात यायला तयार नाहीत, आणि त्यांच्या आयांना दोष देता येत नाही. म्हणून ठिकठिकाणी काही प्रयत्न झाले. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात नारळ उतरवणाऱ्या तरुणांना यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांसाठी ‘काटमय्या रक्षा’ नावाने सुरक्षा संच वाटायला घेतले. त्या संचातही मुख्य गोष्ट दोर आणि पट्टाच. म्हणजे ही साहेबी चैन नाही. आपल्याच माणसांच्या अंगावर ती आता येऊ लागली आहे.

माझ्या लहानपणी निपाणीत आमच्या गल्लीत चिंचेच्या फांद्या उतरवायला एक जण येत. मजुरी आणि वर एक पायली चिंच, असा व्यवहार. एका उन्हाळ्यात ते वरून पडले. जीव वाचला, पाय गेले. त्यांची बायको विड्या वळून घर चालवू लागली. पुढच्या वर्षी चिंच उतरवायला दुसरे कुणी आले, तेही तसेच, कोयता आणि सुंभ घेऊन. गल्लीतले लोक वाईट नव्हते. चढणाऱ्याचा दोर ही चढणाऱ्याचीच बाब, असे सगळेच धरून चालले होते.

आपण काय करू शकतो

भाचा म्हणतो, झाडकामातला निम्मा धोका जमिनीवरची माणसे ठरवतात. मजुरीवर घासाघीस केली की पहिला दोर गळतो. ‘अंधाराच्या आत आटपा’ म्हटले की दुसरा. तेव्हा यंदा मृग लागण्याआधी फांद्या उतरवायला कुणाला बोलवाल, तेव्हा एवढे पाहा.

एक, विजेच्या तारा फांद्यांजवळून जात असतील तर आधी वीज कंपनीला कळवा. हेस्कॉम असो, महावितरण असो की भोपाळची कंपनी, तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे. लाइन बंद झाल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका.

दोन, शहरात झाड तोडायचे असेल तर परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा, कर्नाटकात १९७६ चा आणि मध्य प्रदेशात २००१ चा कायदा आहे. मोठी छाटणी असेल तरी आधी विचारून घेतलेले बरे. परवानगी हातात असली की घाई राहत नाही, आणि घाई नसली की माणूस नीट बांधून घेतो.

तीन, एकट्या माणसाला काम देऊ नका. खाली दुसरा हवा, आणि तोही वर चढून जोडीदाराला उतरवू शकेल असा हवा. दोरावर अडकून लटकलेल्या माणसाला फार वेळ तसे ठेवता येत नाही.

चार, चढणाऱ्याला विचारा: कमरेला काय आहे? करवत चालवताना दोन ठिकाणी बांधणार का? त्याच्याकडे नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एक हार्नेस आणि एक चांगला कमरेचा दोर घेऊन ठेवायला काय हरकत आहे? गल्लीच्या गणपतीची वर्गणी आपण काढतोच. मात्र जुना दोर गच्चीवर उन्हात टाकून ठेवू नका, आणि त्यावर कपडे वाळत घालू नका. कोरड्या जागी, पिशवीत, खरेदीची तारीख लिहून ठेवा. आणि वापरणाऱ्याला कुणा जाणत्याकडून एकदा जमिनीवर शिकवून घ्या. वाचून चढू नये. मीही हे लिहिते आहे ते चढण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी.

पाच, दुर्दैवाने कुणी पडलेच तर त्याला हाताला धरून उठवू नका, रिक्षात कोंबू नका. मणका दुखावलेला असू शकतो. हलवू नका, १०८ ला फोन करा.

माझ्या सासूबाईंचे माहेर गोकाककडचे, बोलणे सगळे कन्नड. नातवंडे पेरूवर चढली की त्या ओट्यावरून ओरडत, “गिडा येरब्याड!” झाडावर चढू नको. मुले ऐकत नसत. मग त्या हार मानून म्हणत, “हुषार!” आमच्या घरातल्या मुलांना हा शब्द दोन अर्थांनी माहीत. मराठीत हुशार म्हणजे चतुर, आणि कन्नडमध्ये ‘हुषार’ म्हणजे सांभाळून. माझी धाकटी तर बरीच वर्षे समजत होती, की अज्जी तिचे कौतुक करते आहे.

झाडावर चढणाऱ्याच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. भाच्याच्या जोडीदारांनी आता स्वतःसाठी असा दोर मागितला आहे. त्यांची गाठ भाचा तपासतो आणि भाच्याची गाठ ते. वयाने वीस वर्षांनी मोठा माणूस, पण चढण्याआधी त्या पोरासमोर उभा राहून म्हणतो, “देख ले बेटा, एक बार.” आणि तो बोटाने एकेक वेढा मोजून पाहतो.